नागपंचमीला वीज कुठून आली

काळजी करणं हा माझा स्वभाव आहे की माझा धंदा, हे माझ्या बायकोला लग्नाला इतकी वर्षं झाली तरी ठरवता आलेलं नाही. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रात मी कंट्रोल रूममध्ये नोकरी केली आणि तिथूनच निवृत्त झालो. त्या खोलीत निर्धास्त माणूस चालत नाही. समोर भिंतभर काटे आणि दिवे असतात आणि ते जागचे हलू नयेत म्हणून आपण त्यांच्याकडे बघत बसायचं असतं. दिवसभरात काहीच घडलं नाही, तर काम चोख झालं असं समजायचं. अशा नोकरीत मुरलेला माणूस घरी कुकरची शिट्टी जरा लांबली तरी उठून बघायला जातो. "झोपेतसुद्धा मीटर बघता तुम्ही," असं बायको म्हणते. खोटं नाही ते.

पण एकलहऱ्याला असताना 'वीज कुठून येते?' असं मला कोणी विचारलं नाही. विचारण्यासारखं काही नव्हतंच. नाशिकरोडला आमच्या कॉलनीच्या गच्चीवर उभं राहिलं की धुराडी दिसत. विदर्भातून कोळशाच्या वाघिणी येत, कोळसा जळे, पाण्याची वाफ होई, वाफ चक्र फिरवी आणि घरात पंखा लागे. लहान पोरंही बोट दाखवून सांगत, तिथून येते म्हणून. हा प्रश्न मला भेटला तो निवृत्तीनंतर, घोटी आणि त्र्यंबकेश्वरच्या मधल्या डोंगरात.

तिथल्या तीन-चार पाड्यांनी मिळून स्वतःची वीज संस्था काढली होती. वीज स्वतःच करायची आणि स्वतःच वापरायची. तांत्रिक बाजू बघायला कोणी जाणता माणूस हवा, म्हणून एका जुन्या सहकाऱ्याने माझं नाव सुचवलं. थोडे दिवस बघू म्हणून गेलो, तो अजून तिथेच आहे. घर नाशिकरोडला, जीव डोंगरात.

आमची वीज दोन ठिकाणांहून येते. शाळेच्या आणि भाताच्या गोदामाच्या पत्र्यावर सौर पॅनेल आहेत, ती ऊन असेल तोवर देतात. आणि डोंगरातून उतरणाऱ्या ओहोळावर छोटा बंधारा घालून पाणी पाटाने एका टाकीत आणलंय, तिथून नळाने खाली सोडलंय. खाली एक टर्बाइन आहे, त्याला गावात सगळे 'चक्की' म्हणतात. वापरून उरलेली वीज शाळेमागच्या खोलीत बॅटऱ्यांमध्ये साठते. बाहेरून आलेली मोठी लाईनही जोडलेली आहे, पण ती मामाच्या घरासारखी. आहे हा आधार, रोज उठून जायचं नसतं.

ऐकायला हे सोपं वाटतं. पण वीज भाकरीसारखी सकाळी थापून टोपल्यात ठेवता येत नाही. घेणाऱ्याने बटण दाबलं की देणाऱ्याने त्याच क्षणी दिली पाहिजे. बॅटरी म्हणजे एक लहानशी टोपली, दोन-चार भाकऱ्यांची. एकलहऱ्याला कोळशाचा ढीग डोळ्यांना दिसत असे, त्याच्याकडे बघून जरा धीर यायचा. इथे ढीग नाही. इथे ढगांकडे बघायचं आणि ओहोळाकडे बघायचं. उन्हाळ्यात ओहोळ आटतो आणि सूर्य राबतो. पावसाळ्यात सूर्य रजेवर आणि ओहोळ ड्यूटीवर. दोघांच्या पाळ्या बदलतात ते दिवस मला सगळ्यात कठीण जातात. तेव्हा मी जेवतानाही खिडकीकडे तोंड करून बसतो.

आमचे ग्राहकही एकेक नमुने. त्र्यंबकच्या रस्त्याला लागून एका गुरुजींचं यात्री निवास आहे. विधींसाठी आलेले यजमान तिथे उतरतात. आंघोळीच्या गरम पाण्यासाठी मागच्या अंगणात भला मोठा तांब्याचा बंब आहे, तो लाकडावर पेटतो, दिवे मात्र आमचे. गुरुजींनी एकदा मला थांबवून विचारलं, "साहेब, आमच्या ओसरीवरचा दिवा ओहोळाच्या विजेवरच जळतो ना? ओहोळ पुढे गोदेला, म्हणजे गंगेला मिळतो. मी यजमानांना सांगतो, इथला दिवा गंगेवर जळतो."

मला घाम फुटला. मी म्हटलं, "गुरुजी, तसं नाही सांगता येणार. दोन नळांचं पाणी एका टाकीत पडलं की कुठला थेंब कुठल्या नळाचा, कोण सांगणार? दुपारी तुमच्या दिव्यात ऊनही असतं."

गुरुजी हसून म्हणाले, "अहो, लोटाभर गंगा विहिरीत ओतली की सगळी विहीर गंगा होते. तुमची वीज त्याहून सोवळी आहे का?"

मी बुद्धविहारात जाणारा माणूस. विहीर आणि सोवळं हे शब्द एका दमात ऐकले की आमच्या घरात अजून कान टवकारतात, कारण आजोबांच्या गावी कुठल्या विहिरीवर आपण जायचं नाही हे लहान पोरांनाही पाठ असे. पण गुरुजींच्या मनात तसलं काही नव्हतं. मी म्हटलं, "आमच्या तारेत सगळ्यांचं मिसळतं गुरुजी, आणि कोणाला बाटल्यासारखं वाटत नाही." यावर ते एवढंच म्हणाले, "चहा घेऊन जा." तेव्हापासून आमचं बरं जमतं.

गिरणीवाल्याची वेगळी तऱ्हा. पावसाची सर आली की हा गिरणी सुरू करायचा. का, तर पाऊस म्हणजे ओहोळाला पाणी, पाणी म्हणजे वीज, मग घ्या दळून. पाऊस डोंगरावर पडून पाटात यायला वेळ लागतो, हे त्याला कितीदा सांगितलं. शेवटी मी सण-वार, लग्नं आणि क्रिकेटच्या मॅचेस धरून कुठल्या दिवशी वीज किती लागणार याचा अंदाज बांधायला लागलो. त्यात वर्षाकाठी एकच दिवस असा सापडला की मी मोकळा श्वास घ्यावा, तो म्हणजे नागपंचमी. त्या दिवशी दळायचं नाही, कांडायचं नाही, म्हणून गिरणी बंद. चिरायचं नाही, तव्यावर भाजायचं नाही. सगळं उकडून खायचं, तेही चुलीवर. जमिनीला नांगर, कुदळ काही लावायचं नाही, म्हणून शेतावरही कोणी नाही. ओहोळ भरून वाहतोय, चक्की मजेत फिरतेय, मागणी नाममात्र. नागपंचमीला मी नाशिकरोडला घरी राहतो आणि दुपारी झोपतो.

गेल्या वर्षी त्याच दिवशी सकाळी फोन आला.

फोन कमलचा होता. कमल आमच्या पाड्यातली. तिने बायकांच्या बचत गटातर्फे अंडी उबवायचं मशीन घेतलं होतं. कपाटाएवढी पेटी, पुढे काचेचं दार, आत अंड्यांचे थर. पेटी विजेवर गरम राहते आणि तीन आठवड्यांनी पिल्लं बाहेर येतात. गावठी कोंबडीच्या पिल्लांना घोटीच्या बाजारात चांगली मागणी आहे. हे मशीन घे, असा आग्रह कमलला मीच केला होता. "वीज मी देतो, तू काळजी करू नको," असं म्हणालो होतो. काळजी करू नको म्हणणाऱ्या माणसाचं कधी ऐकू नये, हे तिला तेव्हा कोणी सांगितलं नाही.

कमलच्या सासूला, ठकूबाईला, मशीन पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होतं. "बिनआईची पिल्लं ती, जगतील का?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायची. पहिली खेप फसलीच होती, अंडी जुनी निघाली म्हणून. तेव्हा घरात ठरलं की ही दुसरी खेप बघायची. ही उतरली नाही, तर दिवाळीनंतर कमलने नवऱ्याबरोबर दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जायचं, पोरांना घेऊन. दरवर्षी अर्धा पाडा जातो. पोरं बागेत राहतात, शाळा सुटते ती सुटतेच. कमलची थोरली तेव्हा चौथीत होती. या खेपेला पाड्यातल्या जवळजवळ प्रत्येक घराने अंडी दिली होती. कोणाची कुठली ते कळावं म्हणून प्रत्येकीने कोळशाने आपापली खूण केली होती. कोणी फुली, कोणी चांदणी, कोणी नुसता ठिपका. ठकूबाईनेसुद्धा दिली होती, तोंड वाकडं करून. तिची खूण दोन उभ्या रेघा.

"साहेब, चक्की रातीच थांबली," कमल फोनवर म्हणाली. "आन् पिल्लं आजच फुटायची हायेत."

मी निघालो. घोटीपर्यंत बसने, पुढे जीपने. वाटेत एक मोठं झाड मोठ्या लाईनवर आणि लाईनसकट रस्त्यावर आडवं झालं होतं. म्हणजे बाहेरची वीज गेलेली, आणि घोटीहून भाड्याचा जनरेटर मागवावा तर त्यालाही वाट नाही. तिथून पुढे मी चिखल तुडवत चालत गेलो. सूर्याची तर आठवडाभर गाठ नव्हती. बॅटऱ्या तळाला असणार हे मला चालतानाच कळत होतं, आणि कळत असूनही मनात मी पुन्हा पुन्हा तोच हिशेब मांडत होतो.

आधी पाटावर गेलो. वरच्या उताराची माती घसरून पाटात बसली होती, दगड-झाडोऱ्यासकट. पाणी बाजूने फुटून ओघळत होतं, टाकी रिकामी पडली होती. तिथे देवराम उभा होता. पाटाची राखण त्याच्याकडे असते, भाताची खाचरंही त्याची पाटाला लागूनच. मी म्हटलं, "देवराम, कुदळी-फावडी काढा. दहा-बारा जण लागलो तर दुपारपर्यंत पाणी सुरू होईल."

देवराम जागचा हलला नाही. "आज कुदळ नाय लागायची, साहेब."

"अरे, अंडी आहेत आत! सगळ्या पाड्याची!"

"माहीत हाय ना. माझीबी हायेत. पन आज भुईला दुखवायचं नाय."

"मग हाताने काढू. हाताने माती बाजूला केली तर ते खणणं होत नाही."

देवरामने माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं. "हातानं काय न् कुदळीनं काय, भुई तीच हे ना साहेब. उद्या उजाडलं का मी सोता येतो. आज नाय."

तो हट्टाने बोलत नव्हता, हीच अडचण होती. त्याचा थोरला भाऊ शेतात पान लागून, म्हणजे साप चावून गेलेला, हे मला माहीत होतं. आमच्या घरात नागपंचमी पाळत नाहीत. माझ्या वडिलांनी असले सगळे दंडक एका दिवसात सोडले होते आणि त्याचा मला अभिमान आहे. मला संताप आला, आणि संतापाखाली भीती होती. मी चक्कीच्या खोलीत गेलो, तिथलं फावडं उचललं आणि पुन्हा पाटाकडे चढलो. तोवर वर पाच-पंचवीस माणसं जमली होती. मला कोणीच अडवलं नाही. सगळे नुसते बघत होते.

त्यांच्यात ठकूबाई होती. ती म्हणाली, "घाल भाऊ, घाल फावडं. तुला काय हे नागाचं? पन मंग उद्यापून पाट तूच राख."

आता हा पाट म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे. दरवर्षी पावसाच्या तोंडावर सगळे पाडे मिळून तो उपसतात. घरटी एक माणूस येतो, मजुरी नाही, हजेरी नाही. ज्या घरातून माणूस येऊ शकत नाही त्या घरातून भाकऱ्या येतात. बंधारा, पाट, टाकी सगळं त्यांनी असंच केलंय. एकलहऱ्याला काही बिघडलं की आम्ही त्या त्या खात्याला कळवायचो आणि माणसं यायची. इथे खातं नाही, ही माणसंच आहेत. आज मी त्यांच्या डोळ्यांदेखत फावडं घातलं असतं, तर पाणी कदाचित आलं असतं. पण पुढच्या जेठात पाटावर कोण आलं असतं? मी फावडं खाली ठेवलं. मोठेपणा वगैरे मला काहीही वाटत नव्हतं. डोळ्यांसमोर फक्त काचेमागची अंडी येत होती.

कमलकडे आलो तर ती पेटीला कान लावून बसली होती. "साहेब, बोलाया लागलीत," ती म्हणाली. मीही कान लावला. आतून बारीक चिवचिव ऐकू येत होती. दोन-तीन अंड्यांवर टोचा पडलेल्या दिसत होत्या. पिल्लं आतून कवच फोडायला लागली होती, आणि काचेतल्या थर्मामीटरचा पारा उतरत होता. नोकरीत मी मोठमोठी यंत्रं बंद पडताना बघितली आहेत. पण ती बोलत नव्हती.

तेवढ्यात ठकूबाई आली, काखेत तिची खुडूक बसलेली, म्हणजे अंडी उबवायला आलेली कोंबडी. "मशीन मेलं ना? मंग ही कशाला हे?" असं म्हणून तिने कोपऱ्यात कोंबड्यांचं डालगं मांडलं, तळाला गोणपाट घातलं. गोणपाट पावसाने दमट होतं. मग ती घरात गेली आणि चुलीवर दिंडं उकडत होती त्या पातेल्यातलं कढत पाणी एका लोट्यात घेऊन आली. लोट्याला फडकं गुंडाळून तो गोणपाटाखाली सारला, वर कोंबडी बसवली आणि पेटीतली मावतील तेवढी अंडी तिच्या पोटाखाली सरकवली. मदत करायला गेलो तर कोंबडीने माझा अंगठा फोडला.

अंगठा तोंडात धरून मी त्या लोट्याकडे बघत राहिलो. मग उठून बाहेर आलो आणि पाड्याकडे बघितलं. प्रत्येक घराच्या कौलांतून धूर येत होता. आज तवा नाही, कढई नाही, घराघरात फक्त उकडणं. म्हणजे प्रत्येक चुलीवर एक पातेलं आधणाचं.

"कमल," मी ओरडलो, "प्रत्येक घरातून एक कळशी गरम पाणी! फडक्यात गुंडाळून! पळ!"

मग जे सुरू झालं ते मी आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड ड्यूटीचं काम. पेटीच्या तळाला आणि बाजूंना गुंडाळलेल्या कळशा ठेवायच्या, दार लावायचं आणि पारा बघायचा. ऊब कमी पडली तर पिल्लं गारठून मरणार, जास्त झाली तर आतल्या आत शिजणार. बायका तर जीव तोडून पाणी आणत होत्या. पारा भराभर चढायला लागला तशी माझी पाचावर धारण बसली. "थांबा! आता नको! ही कळशी बाहेर काढा!" थोड्या वेळात पारा उतरणीला लागला की, "आणा! कोणाचं तयार आहे?" एकलहऱ्याला हेच करायचो की आम्ही. मागणी वाढली की वाढव, घटली की घटव, काटा मधे ठेव. फरक इतकाच की तिथे कुठलंही यंत्र मला उलटून बोललं नव्हतं. इथे एक बाई कळशी घेऊन दारात उभी राहून म्हणाली, "घटकंत आना म्हनतो, घटकंत नको म्हनतो. दिंडं उकडू का तुमचं पानी उकडू?"

दुपारनंतर चुली मंदावायला लागल्या. सणाचा स्वयंपाक झाला, लाकडं ओली, कोण किती वेळ आधण ठेवणार? मला पुन्हा धडकी भरली. तेवढ्यात गुरुजींकडचा गडी छत्री सावरत आला, खांद्यावर कावड, दोन्ही बाजूंना वाफाळते डबे. मागे स्वतः गुरुजी, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं.

"बंब पेटता ठेवलाय," ते म्हणाले. "यजमान कोणी नाहीत आज, रस्ता बंद. पाहिजे तितकं न्या. ओहोळाचंच पाणी आहे, साहेब. म्हणजे गंगाच." आणि माझ्याकडे बघून मिश्कील हसले.

मला हसू आलं नाही, रडू यायचं बाकी होतं. चुली म्हणजे लहान-लहान जनित्रं, मधेच कमी-जास्त होणारी. बंब हे माझं एकलहरे. एकसारखी ऊब, खंड नाही. बंबाचं पाणी तळाला आणि चुलींचं वरखर्चाला, असं मी धोरण बांधलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा खाली बसलो.

ती रात्र मी सांगत बसत नाही. उजाडताना देवराम आला, खांद्यावर कुदळ. त्याच्या मागे घरटी एक माणूस. त्यांनी पाटावर हळद-कुंकू वाहिलं आणि पहिला घाव घातला. पाणी टाकीत आलं, चक्की फिरली आणि कमलच्या खोलीतला दिवा लागला. दिवा लागला तेव्हा पेटीत ओली, लटपटती पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडत होती. वीज यायच्या आधीच ती आली होती.

सगळी नाही. दोन दिवस वाट बघून उरलेली अंडी बाहेर काढली तेव्हा निम्म्याहून बरीच जास्त उतरली होती, पण जी गेली त्यांत जवळजवळ सगळ्या खुणा होत्या. फुल्या, चांदण्या, ठिपके. दोन उभ्या रेघा तर फारच. ठकूबाईने आपली अंडी तिला दिसतील तशी उचलली, पदरात घेतली. मी काहीतरी समजुतीचं म्हणायला गेलो तर तिने हातानेच गप्प केलं. तिच्या कोंबडीखालची मात्र एक सोडून सगळी फुटली. त्या गोष्टीचा उल्लेखसुद्धा तिने माझ्यासमोर केला नाही. ही तिची सभ्यता.

खेप उतरली, पण पुरेशी उतरली का, हे कोणी बोलेना. मीही विचारायला धजलो नाही. दिवाळीपर्यंत ते माझ्या डोक्यात घोळत होतं. संस्थेचं कामकाज बघायला बाहेरून पाहुणे आले होते मधे. त्यांनी नेहमीचा प्रश्न विचारला, तुमची वीज येते कुठून? माझं भाषण पाठ आहे. पण कमल शेजारीच उभी होती, ती चटकन म्हणाली, "उन्हाळ्यात उन्हातून, पावसाळ्यात पान्यातून, आन् नागपंचमीला चुलीवरनं." पाहुणे हसले. ती हसली नाही.

दिवाळी झाली आणि द्राक्षाच्या कामाची जीप येणार असं कळलं. मी चक्की बघायचं निमित्त काढून गेलो. जीप पाड्याच्या तोंडाशी उभी होती. टपावर भांडी, बोचकी, गोधड्या. आत माणसं दाटीवाटीने. मी लांबूनच एकेक चेहरा बघत होतो. कमलचा नवरा दिसला आणि मला पुढे बघवेना.

मग पाठीमागून पिल्लांचा गलका ऐकू आला. वळून बघतो तर कमल दारात, एका हातात दाण्यांचं सूप, दुसऱ्या हाताने थोरलीच्या वेण्या ओढून शाळेकडे पिटाळत. तिची पेटी पुन्हा भरलेली होती. मला इतकं हलकं वाटलं की मी हसत जीपकडे गेलो, नवऱ्याला निरोप द्यायला.

त्याच्या शेजारी ठकूबाई बसली होती. मांडीवर बोचकं, डोक्याला फडकं.

"आजी, तुम्ही?" मी म्हटलं. "या वयात?"

"घरातून आनखी दोन हात जायला पायजेत ना भाऊ," ती म्हणाली. "मुकादमाला दिलेला शबूद हाय. घड इरळायला काय, जादाचे मनी खुडायचे, बसून व्हतं ते. तिकडं मशीनपाशी कोनीतरी नको का?"

जीप सुरू झाली. ठकूबाईने मागच्या फळीवरून मान बाहेर काढली आणि ओरडली, "पानी चालू ठेव रे भाऊ! आन् माझी कोंबडी खुडूक बसली तर तिला उठवू नका म्हनावं!"

यंदाच्या नागपंचमीला मी घरी झोपलो नाही. आदल्या दिवशीच जाऊन पाटाशेजारी उभा होतो. काहीही घडलं नाही.